घरच्या गॅसवर ठेल्याचं चायनीज : आच मोठी, पाणी कमी

घरचं चायनीज ठेल्यासारखं लागत नाही, याचा दोष बहुतेक जण सॉसच्या बाटलीला देतात. पण त्याच कंपनीचा सोया सॉस, तेच व्हिनेगर, तीच शिमला मिरची आणली तरी घरचा फ्राइड राइस ओलसरच होतो, नूडल्सचा गोळाच बसतो. खरं कारण आचेत आणि पाण्यात आहे. नागपुरात सदर, धरमपेठ, सक्करदरा, कुठल्याही ठेल्यासमोर पार्सलची वाट बघत उभे असाल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि कढईकडे बघा. भट्टीची ज्योत कढईच्या काठाबाहेर येत असते. भाजी आत पडली की चर्र आवाज होतो आणि तो आवाज शेवटपर्यंत थांबत नाही. भाजीतून सुटणारं पाणी तळाशी साचायच्या आत उडून जातं. अख्खी प्लेट दोन-तीन मिनिटांत तयार होते आणि तेवढ्या वेळात कढईवर एकदाही झाकण पडत नाही.

आपला हात मात्र नेमका उलटा वळलेला असतो. भाजी फोडणीला टाकली की लगेच मीठ, वर झाकण, गॅस बारीक आणि एक वाफ. पालक, वांगी, ढेमसं यांना ती वाफच लागते. चायनीजला ती चालत नाही. कढईत पाणी असेपर्यंत तळ शंभर अंशांच्या वर फारसा जातच नाही आणि भाजणीचा खमंग वास यायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. त्यामुळे या लेखात पुढे जे काही सांगितलंय ते एकाच हेतूने: कढईत जाणारी प्रत्येक वस्तू कोरडी असावी, थोडी असावी आणि कढई कायम कडकडीत राहावी.

आधी कढई आणि गॅस

ठेल्यावर १९ किलोचं कमर्शियल सिलिंडर आणि हाय-प्रेशर भट्टी असते. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा रेग्युलेटर कमी दाबाचा असतो. काही जण उत्साहात हाय-प्रेशर रेग्युलेटर आणि भट्टी आणून स्वयंपाकघरात बसवतात. तसं अजिबात करू नका. घरची नळी आणि शेगडी त्या दाबासाठी बनलेली नसते. शिवाय ती ज्योत मोकळ्या जागेसाठी आहे, डोक्यावर प्लायवूडची कपाटं असलेल्या ओट्यासाठी नाही.

घरची आच कमी आहे हे मान्य करायचं आणि कढईत माल कमी टाकायचा. एका वेळी एक प्लेट, फार तर दीड. चौघांचा फ्राइड राइस एकदम परतला तर कढई गार पडते आणि पुढची दहा मिनिटं तुम्ही भात परतत नसता, वाफवत असता. तीच चार माणसं तीन-तीन मिनिटांच्या चार खेपांत जेवतात आणि प्रत्येक प्लेट नीट होते.

कढई लोखंडाची घ्या, साधारण १२ इंची, तळाला थोडी सपाट, म्हणजे शेगडीवर डोलणार नाही. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत साधी, जाड पत्र्याची कढई मिळते. ती या कामाला उत्तम. नवी कढई साबणाने घासून, पुसून मोठ्या गॅसवर धूर येईपर्यंत तापवा. गॅस कमी करून कापडाच्या बोळ्याने तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि पुन्हा तापवा. असं तीन-चार वेळा केलं की तिच्यावर काळसर, गुळगुळीत थर चढतो आणि भात चिकटायचा थांबतो. वापरून झाल्यावर गरम पाण्याने धुवायची, गॅसवर कोरडी करायची, तेलाचं बोट लावून ठेवायची. टोमॅटो सॉस किंवा व्हिनेगर घातलेली ग्रेव्ही मात्र लोखंडात ठेवू नका. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळपट होते आणि लोखंडाची चव उतरते.

नॉनस्टिक कढई या कामाची नाही. रिकामी नॉनस्टिक धूर येईपर्यंत तापवली तर तिचा लेप खराब व्हायला लागतो. साधारण २६० अंशांच्या पुढे तो सुरक्षित राहत नाही. घरात नॉनस्टिकच असेल तर मध्यम आचेवर अजून कमी माल टाका. चव ऐंशी टक्क्यांवर थांबेल, पण जेवण चांगलंच होईल.

तेल रिफाइंड सोयाबीन, राइस ब्रान किंवा शेंगदाण्याचं. जवसाचं तेल इथे नको. ते लवकर धुरावतं आणि त्याचा उग्र वास सगळ्यावर बसतो.

सामानाची यादी वाटते तेवढी लांब नाही. डार्क सोया सॉस, लाल चिली सॉस, साधं पांढरं व्हिनेगर, कॉर्नफ्लॉवर, पांढऱ्या मिरीची पूड. हिरवा चिली सॉस नसला तरी काही अडत नाही, ताजी हिरवी मिरची त्याहून चांगली. सोया सॉस घेताना बाटलीमागची यादी वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी आणि आंबवल्याचा उल्लेख असेल तर तो थोडा महाग असला तरी घ्या. नुसतं मीठ, रंग आणि कॅरॅमलचं पाणी असेल तर पदार्थ काळा होईल, चव येणार नाही.

अजिनोमोटोबद्दल, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटबद्दल, घरोघरी वाद होतात. जपानी शास्त्रज्ञ किकुने इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळापासून ही चव वेगळी काढली. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि मशरूममध्येही मुळातच असतं. मला विचाराल तर चौघांच्या जेवणाला पाव चमचा घालण्यात काहीच वावगं नाही, आणि नाही घातलं तरी पदार्थ अडत नाही. मात्र घातलं तर मीठ कमी करा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या ताटात ते जाऊ देऊ नका. घालायचं नसेल तर दोन-तीन वाळलेली मशरूम गरम पाण्यात भिजवा आणि ते पाणी ग्रेव्हीत वापरा.

भात : अर्धं काम इथेच होतं

फ्राइड राइससाठी महागडा बासमती आणायची गरज नाही. आपल्या विदर्भातला एचएमटी तांदूळ यासाठी फार छान आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात स्वतःच्या बांधावर निवड करत करत हे वाण तयार केलं. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला हे नाव पडलं. दाणा बारीक, मोकळा आणि तोंडात मऊ. फक्त तांदूळ जुना मागा. नव्या तांदळाचा भात चिकट होतो आणि मग कितीही कौशल्य वापरलं तरी कढईत गोळे होतात.

दोघांसाठी एक वाटी तांदूळ, म्हणजे साधारण २०० ग्रॅम. पाणी नितळ दिसेपर्यंत चार-पाचदा धुवा आणि वीस मिनिटं भिजवा. मोठ्या गंजात सात-आठ वाट्या पाणी उकळा, त्यात चमचाभर मीठ आणि थोडं तेल. भिजलेला तांदूळ टाका आणि झाकण न ठेवता मोठ्या आचेवर शिजू द्या. पाच मिनिटांनंतर दर मिनिटाला एक दाणा काढून बोटांत दाबा. दाण्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत आणि मधला कण किंचित घट्ट लागावा. तिथेच थांबा. पूर्ण शिजला असं वाटेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. लगेच चाळणीत वेळून घ्या, परातीत पातळ पसरा आणि पंख्याखाली ठेवा. वरची वाफ गेली की परात तशीच, झाकण न ठेवता, दोन-तीन तास फ्रीजमध्ये. रात्रभर ठेवलात तर अजून चांगलं. थंडीने भातातला स्टार्च घट्ट होतो, वरचा ओलावा सुकतो आणि दाणा दाण्याला चिकटत नाही.

कुकरच लावायचा असेल तर पाणी दीडपटच घाला, दोन शिट्ट्या करा आणि वाफ गेल्या गेल्या परातीत उपसून घ्या.

आदल्या दिवशीचा भात वापरायचा असेल तर तो रात्री ओट्यावर राहिलेला नसावा. शिजलेल्या भातात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू तग धरून राहतात आणि उबदार हवेत वाढून विष तयार करतात. ते विष नंतर परतूनही जात नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो, रात्रीही स्वयंपाकघर तापलेलं असतं. तेव्हा भात शिजल्यापासून तासाभरात फ्रीजमध्ये गेला पाहिजे. वास ठीक येतोय म्हणून चालवून घेऊ नका, या विषाला वास नसतो.

फ्राइड राइस

गॅस पेटवायच्या आधी सगळं चिरून, मोजून, कढईच्या उजव्या हाताला मांडून ठेवा. एकदा कढई तापली की सोया सॉसचं झाकण उघडायलाही सवड नसते.

दोन प्लेटसाठी तीन वाट्या गार भात, सहा-सात पाकळ्या लसूण बारीक चिरून, अर्धा इंच अद्रक, दोन हिरव्या मिरच्या, एक छोटा कांदा, अर्धं गाजर, सहा-सात बीन्स, वाटीभर पत्ताकोबी, अर्धी शिमला मिरची आणि मूठभर कांद्याची पात, पांढरा आणि हिरवा भाग वेगवेगळा. भाज्या सकाळी धुवून कापडावर पसरून ठेवा. चिरायला घेताना त्या हाताला कोरड्या लागल्या पाहिजेत. गाजर आणि बीन्स तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडेच मोठे चिरा म्हणजे वेगळे उकडावे लागत नाहीत. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, पाव चमचा पांढरी मिरी आणि चिमूटभर साखर वाटीत एकत्र करून ठेवा. इथे आणि यापुढे चमचा म्हणजे चहाचा, मोठा चमचा म्हणजे जेवणाचा.

हे सगळं दोन भागांत वाटा. आता एक प्लेट.

रिकामी कढई मोठ्या बर्नरवर, मोठ्या ज्योतीवर ठेवा. पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच उडून न जाता गोटीसारखा तळावर पळायला लागेल, तोपर्यंत तापवा. दीड मोठा चमचा तेल घालून कढई फिरवा. अंडं हवं असेल तर आधी अंडं फोडा, पंधरा-वीस सेकंदांत मोडून बाजूला काढा आणि पुन्हा थोडं तेल घाला. मग लसूण, अद्रक, मिरची. इथे दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. लसूण लाल झाला तर अख्खी प्लेट कडू होते. लगेच कांदा आणि पातीचा पांढरा भाग, मग गाजर आणि बीन्स, मिनिटभराने पत्ताकोबी आणि शिमला मिरची. मीठ अजून घालायचं नाही. मिठाने भाजी पाणी सोडते आणि तेच आपल्याला नको आहे.

भाज्या रंगाने उजळ आणि कडेने किंचित भाजल्यासारख्या दिसल्या की त्या कडेला सारा आणि मधोमध भात टाका. भाताचे गोळे आधीच हाताने मोकळे केलेले असावेत. इथे ठेलेवाल्याची नक्कल करायची नाही. तो कढई उडवतो कारण त्याची ज्योत हवेतल्या भातालाही लागते. आपण कढई उचलली की ती थंडच होते. म्हणून कढई बर्नरवरून हलवू नका. भात सराट्याने तळावर पसरा आणि वीस-पंचवीस सेकंद हात लावू नका. खालून बारीक तडतड ऐकू येईल आणि भाजक्या दाण्याचा वास वर येईल. मग खालचा भात वर घ्या, पुन्हा पसरा, पुन्हा थांबा. असं तीनदा. ठेल्यावरच्या धुरकट चवीच्या सगळ्यात जवळ घरच्या गॅसवर याच रीतीने जाता येतं.

आता वाटीतल्या मिश्रणातलं अर्धं, पण भातावर नाही. ते कढईच्या वरच्या तापलेल्या कडेवरून गोल सोडा. लोखंडाला लागताच सोया सॉस फसफसतो, त्यातलं पाणी उडतं आणि उरलेला गोडसर, भाजका अंश भातात उतरतो. भातावर ओतला तर तिथेच एक काळा ओला डाग पडून राहतो. मग मीठ, मिरी, अंडं, पातीचा हिरवा भाग, दहा सेकंद परता आणि उतरवा. मीठ बेताने घाला, सोया सॉस स्वतःच खारट असतो.

कढई पुसून पुन्हा तापवा आणि दुसरी प्लेट.

नूडल्स

रीत तीच, फरक उकडण्यात. हक्का नूडल्सचं १५० ग्रॅमचं पाकीट दोघांना पुरतं. भरपूर खळखळत्या मिठाच्या पाण्यात टाका, चमच्याने सोडवा आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या मिनिटभर आधी काढा. लगेच गार पाण्याखाली धरा म्हणजे वरचा चिकट स्टार्च निघून जाईल. पाच मिनिटं चाळणीत निथळू द्या, चमचाभर तेल चोळा आणि ताटात पसरून वीस मिनिटं सुकू द्या. हे सुकवणं बहुतेक जण गाळतात आणि मग गोळा झाला म्हणून पाकिटाला नावं ठेवतात.

भाज्या लांब, पातळ चिरा, नूडल्सच्या बरोबरीने उचलता आल्या पाहिजेत. परतताना सराटा न वापरता दोन काटे किंवा चिमटा घ्या, नूडल्स तुटत नाहीत. पत्ताकोबी शेवटच्या मिनिटाला घातलात तर कुरकुरीत राहतो.

मंचुरियन

चीनमध्ये हा पदार्थ शोधून सापडणार नाही. कोलकात्यात चिनी कुटुंबात जन्मलेले नेल्सन वँग १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं तेव्हा त्यांनी लसूण, अद्रक आणि हिरवी मिरची आपल्याकडच्यासारखी घेतली, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं. त्यातून चिकन मंचुरियन झालं आणि मागोमाग कोबीचं. हे नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. नागपूरकराचा हात सावजीच्या सवयीने मसाल्याच्या डब्याकडे जातोच. मंचुरियनमध्ये गरम मसाला किंवा धनेपूड गेली की ती कोफ्ता करी होते. तिखट हवं असेल तर मिरची आणि लसूण वाढवा.

चौघांसाठी बारीक चिरलेला किंवा जाड किसलेला पत्ताकोबी तीन वाट्या, किसलेलं गाजर अर्धी वाटी, पातीचा पांढरा भाग थोडा. त्यात अर्धा चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा आणि मग मुठीत घट्ट पिळा. अर्धी वाटी पाणी सहज निघतं. ते फेकू नका, ग्रेव्हीत वापरायचं आहे. पिळलेल्या भाजीत चार मोठे चमचे मैदा, तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर, चमचाभर अद्रक-लसूण, मिरीपूड, एक हिरवी मिरची. वरून पाणी नाही, सोडा नाही. हाताने एकत्र करा, मळू नका. मळलं की मैदा चिवट होतो आणि गोळा आतून रबरासारखा लागतो. मिश्रण जेमतेम बांधलं जाईल एवढंच पीठ हवं. ते सैल झालं तर चमचाभर कॉर्नफ्लॉवर, मैदा नाही. भिजवल्यावर लगेच तळायला घ्या, कारण मिठामुळे कोबी पुन्हा पाणी सोडत राहतो.

गोळे छोटे, सुपारीपेक्षा थोडे मोठे. तेल मध्यम गरम: पिठाचा कण टाकला की तळाशी क्षणभर थांबून मग वर यावा. आधी एकच गोळा तळून बघा. तो फुटला तर पीठ कमी पडलं, घट्ट झाला तर जास्त झालं. बाकीचे मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं तळा, फिकट सोनेरी झाले की काढा. ही पहिली तळणी दुपारीच करून ठेवता येते. जेवणाच्या आधी तेल चांगलं कडक करून तेच गोळे मिनिटभर पुन्हा तळा. या दुसऱ्या तळणीने वरचं कवच खरं कुरकुरीत होतं आणि ग्रेव्हीत पडल्यावर लगेच मऊ पडत नाही.

ग्रेव्हीसाठी कढईत दोन मोठे चमचे तेल कडक तापवा. बारीक चिरलेला लसूण दोन मोठे चमचे, अद्रक एक, हिरव्या मिरच्या तीन, आणि कोथिंबिरीच्या, म्हणजे आपल्या सांबाराच्या, कोवळ्या काड्या बारीक चिरून. पानांपेक्षा काड्यांना वास जास्त असतो आणि त्या शिजूनही टिकतात. पंधरा सेकंदांनी कांदा आणि शिमला मिरचीचे चौकोनी तुकडे, मिनिटभर. मग दीड मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा चिली सॉस, एक मोठा चमचा टोमॅटो सॉस. सॉस तेलात अर्धा मिनिट परतू द्या, कच्चेपणा जातो. आता कोबीचं पाणी धरून दीड-दोन वाट्या पाणी, अर्धा चमचा साखर, मिरी. कोबीच्या पाण्यात मीठ आहे, तेव्हा मीठ चाखूनच.

उकळी फुटली की दीड मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर चार मोठे चमचे गार पाण्यात कालवून, एका हाताने बारीक धार सोडत, दुसऱ्या हाताने ढवळत घाला. वाटी आधी पुन्हा ढवळून घ्या, कारण कॉर्नफ्लॉवर तळाशी बसलेलं असतं. सगळं एकदम ओतू नका. चमच्याच्या पाठीवर थर धरायला लागला की बास, कारण थंड होताना ती अजून घट्ट होते. मग मिनिटभर उकळू द्या, ग्रेव्ही चकचकीत दिसेल. व्हिनेगर अगदी शेवटी, गॅस बंद करताना एक चमचा. आधी घातलं तर त्याचा वास उडून जातो. गोळे वाढण्याच्या क्षणी घाला. ड्राय मंचुरियन हवं असेल तर पाणी अर्धी वाटी, कॉर्नफ्लॉवर अर्धा चमचा, बाकी सगळं तेच.

आणि तो लालभडक रंग घरी नको. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये रोडामाइन-बी वापरण्यावर बंदी घातली. हा रंग मुळात कापड आणि कागदासाठीचा आहे. घरी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पेस्ट दोन चमचे घातली की पुरेसा लाल रंग येतो.

शेजवान चटणी

ही आदल्या दिवशी करा, मुरल्यावरच तिला चव येते. चीनच्या सिचुआन प्रांतात तिखटाबरोबर जीभ बधिर करणारी एक मिरी वापरतात, आपल्या कोकणातल्या तिरफळाची ती जवळची नातलग. आपल्या ठेल्यावरच्या चटणीत ती नसते. इथे सगळा खेळ मिरची आणि लसणाचा.

रंगासाठी पंधरा ब्याडगी आणि तिखटासाठी पाच-सहा भिवापुरी. भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची आपल्याच जिल्ह्यातली आहे, तेव्हा नुसत्या काश्मिरी मिरचीवर भागवू नका. देठ आणि निम्म्या बिया काढून अर्धा तास कढत पाण्यात भिजवा, मग त्यातल्याच थोड्या पाण्यात अगदी बारीक वाटा. अर्धी वाटी तेल मध्यम गरम करून त्यात अर्धी वाटी बारीक चिरलेला लसूण आणि दोन मोठे चमचे अद्रक घाला. फ्राइड राइससारखी घाई इथे नको, गॅस मंद ठेवून लसूण पांढरा-सोनेरी होऊ द्या. मग मिरचीची पेस्ट. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, लहान मुलांना बाहेर पाठवा. आठ-दहा मिनिटं ढवळत परता. पेस्टचा रंग गडद होतो, कच्चा वास जातो आणि कडेने लाल तेल सुटतं. तेल सुटायच्या आधी उतरवलीत तर चटणी कडसर लागते. शेवटी एक मोठा चमचा सोया सॉस, दोन मोठे चमचे व्हिनेगर, चमचाभर साखर, मीठ, आणि दोन मिनिटं उकळी. काचेच्या कोरड्या बाटलीत, फ्रीजमध्येच ठेवा आणि आठ-दहा दिवसांत संपवा. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे.

दोन चमचे भातात टाकले की शेजवान राइस. तेवढ्यासाठी वेगळी कृती लागत नाही.

चिली चिकन, चिली पनीर

३०० ग्रॅम बोनलेस चिकन, शक्यतो मांडीचं. छातीचं मांस लवकर कोरडं पडतं. एक इंचाचे तुकडे पुसून कोरडे करा. एक चमचा सोया सॉस, मिरी, चमचाभर अद्रक-लसूण, अर्धं फेटलेलं अंडं, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर आणि एक मोठा चमचा मैदा लावून वीस मिनिटं ठेवा. कडक तेलात सुटे सुटे टाकून चार-पाच मिनिटं तळा, एक तुकडा तोडून आत गुलाबी नाही हे बघा. मग वर सांगितलेल्या ड्राय मंचुरियनच्या सॉसमध्ये मोठ्या आचेवर एक मिनिट घोळवा. हिरव्या मिरच्या इथे उभ्या चिरून, पाच-सहा.

यात एक आपली भर सुचवते. चिनी स्वयंपाकात वाळवलेलं संत्र्याचं साल वापरतात. आपल्याकडे आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुमारास निघणारी, संत्री येतात तेव्हा ताज्या सालीचा आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाका, केसासारख्या पातळ पट्ट्या कापा आणि अर्धा चमचा लसणाबरोबर तेलात सोडा. चिली चिकनला त्याने येणारा वास कुठल्याही ठेल्यावर मिळणार नाही. जास्त घातलं तर कडू होतं, म्हणून अर्ध्याच चमच्यावर थांबा.

पनीरला अंडं-मैदा नको. तुकडे पुसून कोरड्या कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवा, दोन मिनिटं तळा आणि सॉसमध्ये अर्धा मिनिटच ठेवा.

सहा जणांचा बेत

पाहुणे आठला जेवणार असतील तर चटणी आणि भात आदल्या रात्री. दुपारी भाज्या चिरून, सुकवून, डब्यांत भरून फ्रीजमध्ये, आणि मंचुरियनची पहिली तळणी. सातला नूडल्स उकडून पसरा. साडेसातला ग्रेव्ही करून झाकून ठेवा, कॉर्नफ्लॉवर मात्र तेव्हा घालू नका, वाढताना घाला. पावणेआठला गोळ्यांची दुसरी तळणी. त्यानंतर भात आणि नूडल्सच्या एकेक प्लेटच्या खेपा. पहिली प्लेट झाली की ज्याला भूक जास्त तो जेवायला बसू दे. सगळ्यांनी एकदम बसायच्या हट्टात पहिल्या प्लेटा झाकून ठेवल्या जातात, आत वाफ धरते आणि इतकी मेहनत करून कोरडा ठेवलेला भात पुन्हा ओला होतो.

उरलं तर ग्रेव्ही आणि गोळे वेगळ्या डब्यांत भरा. दुसऱ्या दिवशी गोळे ओव्हनमध्ये किंवा तव्यावर थेंबभर तेलात गरम करा. ग्रेव्ही घट्ट झालेली असेल, तिच्यात पाव वाटी पाणी घालून उकळी आणा. भात आणि नूडल्स एकदाच गरम करायचे, तेही कढईत, मोठ्या आचेवर, वाफाळेपर्यंत.